कमांड चालू असतानाच तिचं आउटपुट स्क्रिप्टमध्ये कसं पकडायचं

स्क्रिप्टमधून बॅकअप, बिल्ड किंवा व्हिडिओचं रूपांतर अशी तास-दीड तास चालणारी कमांड सोडायची आहे. ती काय बोलते ते ओळीओळीने तिथल्या तिथे हवं आहे, सगळं उरकल्यावर गठ्ठ्याने नको. यावर मिळणारा बहुतेक सल्ला आपल्याच स्क्रिप्टमध्ये खुडबुड करायला लावतो: हा पर्याय घाला, तो आकडा शून्य करा. प्रत्यक्षात आउटपुट बहुतेक वेळा समोरच्या प्रोग्रामच्या पोटात अडकलेलं असतं आणि तिथे आपला हात पोचत नाही. खालचं सगळं लिनक्स आणि पायथन धरून लिहिलं आहे, पण दुखणं कुठल्याही भाषेत हेच असतं.

सांगाडा

पायथनमध्ये दुसरी कमांड चालवणारं ‘सबप्रोसेस.रन’ इथे कामाचं नाही. कमांड संपेपर्यंत ते परतच येत नाही. ‘सबप्रोसेस.पीओपन’ घ्या, कमांड यादीच्या रूपात द्या, स्टँडर्ड आउटपुटला पाइप (कमांडचा मजकूर आपल्यापर्यंत आणणारी नळी) लावा, स्टँडर्ड एरर (चुका आणि सूचनांचा वेगळा प्रवाह) त्याच पाइपात वळवा, इनपुटला ‘डेव्हनल’ (कायम रिकामं इनपुट) द्या आणि टेक्स्ट मोड चालू करा. मग प्रोसेसच्या आउटपुटवर साधा ‘फॉर’ लूप, आत ओळ छापणं किंवा लॉगमध्ये टाकणं, आणि लूप संपल्यावर ‘वेट’ करून एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की नाही हे सांगणारा आकडा) बघणं. इतकंच.

एरर त्याच पाइपात का? कारण तिला वेगळा पाइप देऊन तो कोणी वाचलाच नाही, तर तो भरतो. लिनक्सवर पाइपात साधारणपणे 65,536 बाइट मावतात. तेवढे झाले की प्रोग्राम लिहिता लिहिता थांबतो, आपण त्याच्या पुढच्या ओळीची वाट बघत बसतो, आणि दोघंही जागचे हलत नाहीत. एफएफएमपेग आणि कर्लसारखे प्रोग्राम तर आपली सगळी प्रगती एररवरच सांगतात. इनपुटला ‘डेव्हनल’ एवढ्यासाठी की ‘फाइल आहेच, वरून लिहू का?’ असं विचारून कमांड थांबली, तर त्या प्रश्नाच्या शेवटी नवी ओळ नसते. आपला लूप ओळ पूर्ण होण्याची वाट बघतो आणि प्रश्न आपल्याला दिसतच नाही.

बफर: सगळे अडकतात ते इथे

सांगाडा बरोबर लिहिला, तरी दहा मिनिटं स्क्रीन कोरी आणि मग अचानक शंभर ओळी एकदम, असं होतं. याचं कारण समजून घ्या, नाहीतर पुढचे सगळे उपाय अंधारात मारलेले दगड ठरतील.

सी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी लिहायला लागण्याआधी एक गोष्ट तपासते: समोर टर्मिनल आहे की नाही? टर्मिनल असेल तर प्रत्येक ओळ संपली की ती बाहेर सोडते. पाइप किंवा फाइल असेल तर मात्र ती मजकूर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवते आणि तो भरला की एकदम ओतते. हा बफर सहसा 4096 किंवा 8192 बाइटचा असतो. आता हिशोब करा. 40 बाइटची एक ओळ, दर दहा सेकंदांनी एक, तर 4096 बाइट भरायला सुमारे 102 ओळी लागतात, म्हणजे 17 मिनिटं शांतता. ‘टर्मिनलवर तर नीट चालतं, स्क्रिप्टमध्येच का अडतं’ याचं उत्तर हेच आहे. पायथनमध्ये लिहिलेले प्रोग्रामही असेच वागतात.

याला एक उपकथानक आहे. सी मध्ये स्टँडर्ड एररला बफर नसतो. त्यामुळे दोन्ही एकाच पाइपात घातले की एरर लगेच दिसते आणि तिच्या आधी छापलेल्या साध्या ओळी मागाहून येतात. बफर सुटेपर्यंत अशा लॉगमधल्या क्रमावर विसंबून ‘आधी काय बिघडलं’ हे ठरवू नका.

दोष कुणाचा हे कळायला स्क्रिप्ट लागतच नाही. टर्मिनलवर तीच कमांड चालवा आणि तिच्यापुढे पाइप लावून ‘कॅट’ (आलेलं जसंच्या तसं छापणारी कमांड) जोडा. ओळी अडल्या तर दोष कमांडचा. ओळी सुरळीत आल्या तर तुमचा लूप तपासा. ही चाचणी न करता कोणी उपाय सुचवत असेल तर ऐकू नका.

विशेषतः ‘बफसाइझ शून्य करा’ किंवा ‘एक करा’ हा सल्ला. तो आकडा आपल्या बाजूचा, म्हणजे पाइपातून वाचणाऱ्या टोकाचा आहे. समोरच्या प्रोग्रामला त्याचा पत्ताही नसतो. एकेक बाइट वाचायचा सल्लाही त्याच पठडीतला: जे पाइपात आलेलंच नाही ते कितीही बारीक चमच्याने काढलं तरी हाती येणार नाही, प्रोसेसर मात्र तापेल.

उपाय याच क्रमाने करून बघा.

पहिला, त्या प्रोग्रामचा स्वतःचा स्विच. पायथनला ‘-यू’ द्या, किंवा एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘पायथनअनबफर्ड’ हे नाव सलग, सगळ्या कॅपिटल अक्षरांत, एक किंमत देऊन ठेवा. ग्रेपला ‘--लाइन-बफर्ड’, जीएनयू सेडला ‘-यू’, टीसीपीडंपला ‘-एल’, जेक्यूला ‘--अनबफर्ड’. ऑकमध्ये प्रत्येक छपाईनंतर ‘एफफ्लश’. एकाला एक जोडलेल्या कमांडी असतील तर शेवटची सोडून प्रत्येकीला हे लागतंच, आणि शेवटचीचं आउटपुट तुमच्या स्क्रिप्टच्या पाइपात जात असल्यामुळे तिलाही लागतं. मधली एक जरी विसरली तरी सगळी रांग अडते.

दुसरा, ‘स्टडबफ -ओएल’ कमांडीच्या आधी लावणं. जीएनयू कोअरयुटिल्समध्ये तो येतोच. पण तो सी लायब्ररीच्या बफरवरच चालतो, तेही प्रोग्राम सुरू होताना एक छोटी लायब्ररी आत घुसवून. म्हणून स्टॅटिक बांधलेल्या, म्हणजे लायब्ररी आपल्या पोटातच घेतलेल्या प्रोग्रामवर, स्वतःचा बफर स्वतः ठरवणाऱ्यांवर आणि पायथनवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. ‘स्टडबफ लावलं, तरी काही होत नाही’ ही तक्रार बहुधा इथून येते.

तिसरा, खोटं टर्मिनल, म्हणजे पीटीवाय. प्रोग्रामला वाटतं समोर टर्मिनल आहे आणि तो ओळ-ओळ सोडतो. ‘एक्स्पेक्ट’ पॅकेजमधला ‘अनबफर’ हे एका शब्दात करतो. पायथनमध्ये ‘पीटीवाय.ओपनपीटीवाय’ दोन टोकं देतं. स्लेव्ह टोक कमांडला द्यायचं आणि मास्टर टोकावर ‘ओएस.रीड’ करायचं. माझं मत विचाराल तर हा शेवटचाच मार्ग, कारण याच्यासोबत नको ते पाहुणे येतात. टर्मिनल दिसलं की प्रोग्राम रंगांचे कोड ओकतात, प्रोग्रेस बार काढतात, गिट तर ‘लेस’ (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) उघडून बसू शकतो. ओळीचा शेवटही बदलतो: नुसत्या न्यूलाइनऐवजी कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन अशी जोडी येते. कमांड सुरू केल्यावर आपल्याकडचं स्लेव्ह टोक लगेच बंद करा, नाहीतर वाचन कधीच संपणार नाही. आणि ते बंद केलं असलं तरी लिनक्सवर शेवट रिकाम्या बाइट्सने नव्हे तर ‘ईआयओ’ एररने कळतो; ती पकडून लूप सोडायचा, घाबरायचं नाही. ‘ओएस.रीड’ बाइट देतं, त्यामुळे यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेणारं देवनागरी अक्षर मधोमध तुटू शकतं. ‘कोडेक्स’मधला इन्क्रिमेंटल डिकोडर वापरा, तो अर्धवट अक्षराचे बाइट पुढच्या वाचनापर्यंत राखून ठेवतो.

उरलेलं

टक्केवारी दाखवणाऱ्या कमांडी न्यूलाइनऐवजी कॅरेज रिटर्न वापरतात. टेक्स्ट मोडमध्ये पायथन त्यालाही ओळीचा शेवट मानतो, त्यामुळे लॉगमध्ये शेकडो टक्क्यांच्या ओळी जमतात, गाळून टाका. बाइट मोडमध्ये उलट, न्यूलाइन येईपर्यंत काहीच मिळत नाही.

एन्कोडिंगची ‘एरर्स’ किंमत ‘रिप्लेस’ ठेवा. एका वाकड्या बाइटपायी तासाभराचं काम कोसळायला नको.

तुमच्या स्वतःच्या ‘प्रिंट’लाही ‘फ्लश’ (बफर लगेच रिकामा करणारा पर्याय) द्या. स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालली की तीही टर्मिनलवर नसते, आणि आतलं सगळं सुधारूनही लॉग फाइल कोरीच राहते.

नुसत्या शेलमध्ये ‘टी’ (आउटपुट स्क्रीनवर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे पाठवणारी कमांड) लावून भागत असेल तर बॅशमध्ये ‘सेट -ओ पाइपफेल’ आधी लिहा. नाहीतर कमांड आपटली तरी एक्झिट कोड ‘टी’चा, म्हणजे यशाचा, मिळेल.

कमांड संपली पण लूप संपत नाही, असं झालं तर तिने मागे एखादी प्रोसेस सोडली आहे का बघा. ती पाइपाचं टोक धरून बसलेली असते. शक्य असेल तर त्या प्रोसेसचं आउटपुट वेगळ्या फाइलमध्ये वळवा. तेही जमत नसेल तर कमांड नव्या सेशनमध्ये सुरू करा आणि ‘थ्रेडिंग.टायमर’ लावून ठरलेल्या वेळी ‘किलपीजी’ने अख्खा गट मारा, नुसतं ‘किल’ केलं तर मूळ प्रोसेसच जाते आणि पाइप उघडाच राहतो. लूप वेळेत संपला तर टायमर रद्द करायला विसरू नका.