टॅबला माऊस जोडताय? या चुका टाळा

‘बोटं आहेत की, टॅबला माऊस कशाला?’ हा प्रश्न टॅब बाजारात आले तेव्हापासून विचारला जातोय आणि तो अगदीच चुकीचा नाही. बातम्या वाचायच्या, व्हिडिओ बघायचा, नकाशा सरकवायचा तर बोटासारखं दुसरं काही नाही. पण सोसायटीचा जमाखर्च एक्सेलमध्ये भरायला बसा, किंवा प्रश्नपत्रिकेतला एक चुकलेला काना दुरुस्त करायला जा. बोटाखाली नेमकं काय आलंय हे बोटामुळेच दिसत नाही. पडद्यावरचं बटण किती मोठं असावं याचे अ‍ॅपलचे आणि गूगलचे दंडक आहेत: अ‍ॅपलचा ४४ पॉइंटांचा, गूगलचा ४८ डीपीचा (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरची मापं), म्हणजे जवळपास ९ मिलिमीटर. एक्सेलचा रकाना किंवा दोन अक्षरांमधली फट एवढी रुंद कुठून असणार!

म्हणून माझं मत विचाराल तर टॅबला माऊस चालायलाच हवा. मात्र बोटाच्या जोडीला, बोटाच्या जागी नाही. माऊस लावला की टॅबचा लॅपटॉप होतो असं धरून चाललं की तक्रारी सुरू होतात. त्यातल्या निम्म्या तर खरेदी करतानाच ओढवून घेतलेल्या असतात.

खोक्यावर ‘वायरलेस’ वाचून ब्लूटूथ समजणं

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. दुकानात चारपाचशे रुपयांना मिळणारा वायरलेस माऊस बहुतेक वेळा ब्लूटूथचा नसतोच. त्याच्या पोटात, बॅटरीशेजारच्या खाचेत, नखाएवढा डोंगल असतो. तो यूएसबीत खोचला तरच माऊस चालतो. दोन्ही प्रकार २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, पण भाषा वेगळी. मग टॅबच्या ब्लूटूथ यादीत माऊसचं नाव शोधत अर्धा तास जातो आणि ते दिसत नाही, कारण ते तिथे येणारच नसतं.

खोक्यावर ब्लूटूथचं चिन्ह किंवा शब्द नसेल तर तो डोंगलवाला आहे असं समजा. तो फेकून द्यायची गरज नाही. टॅबला टाइप-सी पोर्ट असेल तर छोटा ओटीजी कनेक्टर (टॅबला यूएसबीच्या वस्तू जोडून देणारा) घ्या, त्यात डोंगल खोचा, काम झालं. लाइटनिंग पोर्टच्या जुन्या आयपॅडसाठी मात्र वेगळा अडॅप्टर लागतो. त्यापेक्षा ब्लूटूथ माऊस घेणं सोपं पडतं. थोडे जास्त पैसे टाकले तर दोन्ही चालणारा माऊस मिळतो. एकदाच घ्यायचा असेल तर तोच घ्या.

ओटीजीचं बटण न बघता माऊस खराब ठरवणं

ओटीजी लावूनही हालचाल नाही? काही कंपन्यांच्या फोन-टॅबमध्ये ओटीजी हे सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं, आणि काही वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंदही होतं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘ओटीजी’ टाकून बघा.

नेमकं घोडं कुठे पेंड खातंय हे कळायला घरातला जुना वायरवाला माऊस कामाला येतो. तो ओटीजीला जोडा आणि उलटा करून बघा. खालचा लाल दिवा लागला तर टॅब वीज देतोय, म्हणजे पोर्ट आणि कनेक्टर ठीक आहेत आणि दोष डोंगलमध्ये किंवा वायरलेस माऊसच्या बॅटरीत आहे. दिवा लागलाच नाही तर ओटीजी बंद आहे, कनेक्टर भिकार आहे किंवा टॅबला ती सोय नाही. वायरलेस माऊसवर ही परीक्षा करू नका, त्याचा दिवा स्वतःच्या सेलवर लागतो. आणि काही माऊसचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, तेव्हा परीक्षेला साधा लाल दिव्याचाच घ्या.

आयपॅडवर दिवा लागूनही बाण दिसत नसेल तर आवृत्ती बघा. अँड्रॉइडने २०११ मध्येच, ३.१ या आवृत्तीत, माऊसला दार उघडलं. अ‍ॅपलने मात्र चांगलाच वेळ घेतला. २०१९ च्या आयपॅडओएस १३ मध्ये माऊस आला, तोही सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या भागातल्या ‘असिस्टिव्हटच’ या सोयीच्या आडून. राजरोस आला तो मार्च २०२० मध्ये, १३.४ सोबत. म्हणजे १२ वर अडकलेल्या आयपॅडला कितीही चांगला माऊस आणा, उपयोग शून्य.

यात एक गंमत आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी व्यासपीठावरून सांगितलं होतं की उभ्या पडद्याला सतत हात लावत बसलं की हात भरून येतो, म्हणून लॅपटॉपला टचस्क्रीन नको. तर्क बिनतोड होता. पण मग कीबोर्ड लावून स्टँडवर उभा केलेला आयपॅड तरी वेगळा कुठे होता? तिथेही हात तसाच उचलावा लागतो, तसाच भरून येतो. तो तर्क स्वतःच्याच आयपॅडला लागू करायला कंपनीला जवळपास दहा वर्षं लागली. पुढे २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये तर माऊससोबत दिसणारा गोल ठिपका जाऊन चक्क संगणकासारखा टोकदार बाण आला.

एकच माऊस लॅपटॉप आणि टॅब दोघांना जोडायला जाणं

साध्या ब्लूटूथ माऊसला एका वेळी एकच घर आठवतं. तो टॅबला जोडला की लॅपटॉपशी असलेली ओळख पुसली जाते, मग संध्याकाळी लॅपटॉपवर तो चालत नाही म्हणून आरडाओरडा. पोटाखाली १-२-३ असे आकडे किंवा तीन छोटे दिवे असलेला माऊस असेल तर प्रत्येक आकड्यावर एकेक यंत्र जोडून ठेवता येतं. आकडा बदलायचा बटण दाबून, नवं यंत्र जोडायचं तेच बटण दाबून धरून. हा फरक लक्षात न आल्याने पुष्कळ जण जोडलेला माऊस चुकून पुन्हा कोरा करून बसतात.

जोडणी अर्धवट राहिली असेल तर टॅबच्या यादीतून त्या माऊसचं नाव काढून टाका, ब्लूटूथ बंद-चालू करा आणि मग नव्याने जोडा.

स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब झाला की टॅब रीसेट करणं

हे करू नका. कारण अगदी साधं असतं. काही डोंगल माऊस आणि कीबोर्ड अशा जोडीसाठी बनवलेले असतात. तुम्ही त्यातला फक्त माऊस वापरत असलात तरी डोंगल टॅबला सांगतो, ‘माझ्याकडे कीबोर्डपण आहे.’ टॅब त्यावर विश्वास ठेवतो आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड गुंडाळून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत रेघ लुकलुकतेय आणि टाइप करायला काहीच नाही, अशी अवस्था.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’ शोधा. तिथे स्क्रीनवरचा कीबोर्ड दाखवत राहायचा पर्याय असतो, तो चालू करा. आयपॅडवर खाली उरलेल्या छोट्या पट्टीवर कीबोर्डचं चिन्ह दिसतं, तिथून तो परत वर आणता येतो. मराठीत टाइप करणाऱ्यांना हे जास्तच टोचतं. खरा इंग्रजी कीबोर्ड लावला तरी बोटांना सवय असते ती स्क्रीनवरच्या मराठी कीबोर्डची, आणि तोच नेमका लपलेला.

बाण अडखळतो म्हणून नवा माऊस आणणं

आधी माऊस कशावर ठेवलाय ते बघा. काचेच्या टीपॉयवर किंवा चकचकीत सनमायकावर ऑप्टिकल माऊसला पृष्ठभागच नीट दिसत नाही. खाली वर्तमानपत्राची घडी घाला, फरक पडला तर पैसे वाचले.

तरी अडखळतोय, आणि टॅबला हबसुद्धा (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारा जोड) आहे? मग दुसरी शक्यता. एकाच हबला डोंगल आणि शेजारी यूएसबी ३ ची पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लावलेली असते. यूएसबी ३ वरून माहिती वाहताना जो रेडिओ गोंगाट होतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलेलं आहे. फाइल कॉपी होत असतानाच बाण उड्या मारतो, एरवी नीट चालतो, असं होत असेल तर हेच कारण. डोंगल छोट्या एक्स्टेंशन वायरने दूर न्या, किंवा निदान हबच्या दुसऱ्या टोकाच्या खाचेत लावा.

हब घेणारच असाल तर चार्जिंग पुढे पोचवणारा घ्या. एकच पोर्ट असलेल्या टॅबवर डोंगल लावला की चार्जर कुठे लावायचा, हा प्रश्न बॅटरी १० टक्क्यांवर आल्यावरच सुचतो. आणि डोंगल खोचलेलाच ठेवून टॅब सॅकमध्ये कोंबू नका. एक धक्का बसला की डोंगल वाचतो, पोर्ट जातं.

लॅपटॉपची सवय टॅबवर लादणं

उजवी क्लिक केली आणि मेनू यायच्या ऐवजी मागचं पान आलं, ही तक्रार अँड्रॉइडवर नेहमीची. बिघाड नाही हा. कित्येक टॅबवर उजवं बटण म्हणजे ‘मागे’ अशीच नेमणूक असते. सॅमसंगच्या टॅबवर ‘जनरल मॅनेजमेंट’मध्ये ‘माऊस अँड ट्रॅकपॅड’ या ठिकाणी प्रत्येक बटणाचं काम बदलता येतं. जिथे तशी सोय नाही तिथे डावं बटण दाबून धरा, बोट दाबून धरल्यावर येतो तोच मेनू येईल.

पान उलट्या दिशेला सरकतंय? आयपॅडवर ‘नॅचरल स्क्रोलिंग’ आधीपासून चालू असतं, ते बंद करा. हे सेटिंग ‘जनरल’मध्ये ‘ट्रॅकपॅड अँड माऊस’खाली आहे, पण माऊस जोडलेला नसताना ते तिथे दिसतच नाही. लोक आधी सेटिंग शोधतात, सापडलं नाही म्हणून माऊस चालणारच नाही असं ठरवून मोकळे होतात.

कडेवरून बोट ओढायच्या ज्या खुणा आहेत त्या माऊसने करायला जाणं म्हणजे मनगटाला शिक्षा. अँड्रॉइडवर खालची तीन बटणांची जुनी पट्टी परत आणा, एका क्लिकवर सगळं होतं. आयपॅडवर खालच्या आडव्या रेघेवर क्लिक केलं की होम, वर उजवीकडे बॅटरीच्या चिन्हावर क्लिक केलं की कंट्रोल सेंटर, डावीकडे घड्याळावर केलं की नोटिफिकेशन.

एक्सेलमध्ये बोट ओढलं की शीट सरकतं. माऊसला नीट ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये तीच ओढ रकाने निवडते. पण सगळी अ‍ॅप्स माऊसला ओळखत नाहीत. काहींच्या दृष्टीने तुमचा बाण म्हणजे एक बारीक बोटच असतं. अशा अ‍ॅपवर वैतागण्यापेक्षा तेच काम ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ लावून करा. तिथे बाण नुसता वर नेला तरी मेनू उघडतात. बोटाला ते कधीच जमणार नाही, कारण बोट एक तर पडद्याला टेकलेलं असतं नाही तर नसतं, अधलंमधलं काही नाही.

चित्र काढायला मात्र माऊस घेऊ नका. त्याला पेन हवं, आणि तेही त्या टॅबसाठी बनवलेलं. रबरी टोकाचं शंभर रुपयांचं पेन म्हणजे जाडं बोटच.

‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ आपल्यासाठी नाही असं समजणं

मला विचाराल तर या यादीतली सगळ्यात महागात पडणारी चूक ही. त्या भागात दिव्यांगांसाठी काहीतरी असेल म्हणून बहुतेक जण तिकडे फिरकतच नाहीत. आयपॅडवर बाणाचा आकार, रंग, तो किती वेळाने लपावा, हे सगळं तिथल्या ‘पॉइंटर कंट्रोल’मध्ये आहे. दहा इंची पडद्यावर बाण सापडत नाही म्हणून माऊस आपटणाऱ्यांनी आधी तो मोठा आणि लाल करून बघावा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हात थरथरणाऱ्या माणसांची. पार्किन्सन्स असलेल्या किंवा वयाने हात कापणाऱ्या माणसाला टचस्क्रीन फार छळते. एकदा टेकवायला जावं तर दोनदा लागतं, फोन घ्यायला जावं तर कट होतो. जड, मोठा माऊस टेबलावर टेकलेला असतो, त्याच्यावर हात विसावतो. ट्रॅकबॉल असेल तर हात हलवायचीही गरज नाही, अंगठ्याने गोळा फिरवला की झालं. क्लिक करतानाच हात हलत असेल तर आयपॅडवर ‘असिस्टिव्हटच’मध्ये ‘ड्वेल कंट्रोल’ आहे. बाण एका जागी थोडा वेळ थांबला की क्लिक आपोआप होते. अँड्रॉइडवर हीच सोय ‘ऑटोक्लिक’ किंवा ‘ड्वेल’ अशा नावाने अ‍ॅक्सेसिबिलिटीतच सापडते. किती सेकंद थांबायचं तेही ठरवता येतं. सुरुवातीला वेळ जास्तच ठेवा. कमी ठेवली तर वाचायला थांबलं तरी क्लिक होते आणि माणूस बावचळतो.

टॅबला माऊस नको म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही माणसं कधी धरलेलीच नव्हती. घरी असं कोणी असेल तर माऊस आंतरजालावरून मागवू नका. टॅब आणि त्या व्यक्तीला घेऊन दुकानात जा, दोन-तीन माऊस आणि एखादा ट्रॅकबॉल तिथेच जोडून त्यांच्या हातात द्या. बटण किती जोरात दाबावं लागतं हे खोक्यावर छापलेलं नसतं.