नर कोकरांचं परीक्षण करताना या चुका टाळा

जत-आटपाडीकडच्या प्रदर्शनात माडग्याळ जातीच्या मेंढ्यांच्या रिंगणापाशी उभं राहिलं की लोकांची नजर कुठे जाते ते लगेच कळतं. नाकावर. नाक जितकं बाकदार, तितकं जनावर भारी. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची बोली लागल्याची बातमी सगळीकडे फिरली. बाजारात हौसेला मोल असतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रदर्शनात पहिला आलेला नर पुढच्या हंगामात पंचवीस-तीस मेंढ्यांना लागणार असतो. त्याच्या जबड्याची आणि पायाची खोड कोकरांत उतरू शकते. तेव्हा पंचाने गर्दीच्या नजरेने बघायचं नाही.

नाक बघून तोंड न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बाकदार नाकाच्या जनावरात वरचा जबडा पुढे आणि खालचा आखूड राहण्याचा धोका असतो, म्हणून जिथे नाक सुरेख तिथे तोंड जास्त बारकाईने बघायचं. मेंढीला वर पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. खालचे दात त्या हिरडीच्या पुढच्या कडेला टेकले पाहिजेत. मागे पडले किंवा पुढे निघाले तर आखूड गवत नीट तोडता येत नाही, आणि माळावर चरणाऱ्या कळपात असा नर खंगतो.

इथे पंचांचा हात हमखास चुकतो. जबडा फाकवून बघितला की काहीच कळत नाही. दात मोजायला तोंड उघडा, पण जबडा जुळतो का ते तोंड मिटलेलं असतानाच बघा. मालकाला डोकं सरळ धरायला सांगा, हनुवटी वर उचलू देऊ नका. मग अंगठ्याने ओठ बाजूला करून पुढून आणि कडेने बघा. बोट कडेने फिरवलं तर दात हिरडीवर टेकलेत की नाही ते लागतं. बोट दाढांकडे मात्र नेऊ नका.

वय न विचारता वजनाला भुलणं

आठ महिन्यांचं आणि चौदा महिन्यांचं कोकरू शेजारी उभं केलं तर मोठंच उठून दिसणार. मालक सांगतो ते वय वहीत लिहा, पण निवाडा दातांवर करा. आदत, म्हणजे अजून दात न पाडलेल्या, जनावराचे आठही दात दुधाचे, बारीक असतात. मधले दोन रुंद दात साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान येतात. 'आठच महिन्याचं आहे साहेब' म्हणताना दोन रुंद दात दिसले तर ते कोकरू दोनदातीच्या गटात गेलं पाहिजे.

जुळं की एकटं, हेही विचारा. जुळ्यातलं कोकरू त्याच वयाला थोडं लहान दिसतं, त्यात त्याचा दोष नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळ जातीच्या मेंढीतला जुळ्यांचा जनुक आपल्याकडच्या दख्खनी जातीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. तो जनुक नराच्या अंगकाठीवर दिसत नाही, त्याला रक्ताचीच तपासणी लागते. डोळ्याने सगळं कळतं असा आव पंचाने आणू नये.

लोकर आणि चरबी

दख्खनी नराची लोकर वाढलेली असली की पाठ सरळ आणि कंबर भरलेली भासते. डोळ्यावर विसंबू नका, हात लावा. बोटं जुळवून तळहात सपाट ठेवा, शेवटच्या बरगडीच्या मागे कण्यावर दाबा. मणक्यांची टोकं बोटाला टोचत असतील तर जनावर उतरलेलं आहे. अजिबात लागत नसतील आणि बोट मऊ थरात बुडत असेल तर ती चरबी, मांस नव्हे. मांस घट्ट लागतं. छातीचा घेर कोपरांच्या लगेच मागे मोजा.

प्रदर्शनासाठी दूध, अंडी, मका चारून फुगवलेलं कोकरू चमकतं, टाळ्याही घेतं. पण नराच्या अंडांच्या (वृषणांच्या) वरच्या बाजूला चरबी साठली की तिथला गारवा जातो आणि बीज बिघडू शकतं. माझ्या मते चकचकीत गोळ्यापेक्षा थोडा सडसडीत, मांसल नर वर ठेवावा.

उभ्या जनावराच्या पायांचा निकाल

मालक हुशार असतात. कोकराचे पुढचे पाय जरा उंचवट्यावर ठेवून डोकं वर ओढून धरलं की पाठ छान दिसते. रिंगणात वाळू किंवा सतरंजी असेल तर खुराच्या वरचा सांधा खचलेला कळतच नाही. कडक, सपाट जमिनीवर दोरी ढिली सोडून पंधरा-वीस पावलं चालवा. जाताना मागून बघा, येताना पुढून. मागून बघताना ढोपरं एकमेकांकडे झुकलेली आणि खूर बाहेर वळलेले दिसले तर तो दोष. कडेने बघताना मागचा पाय काठीसारखा सरळसोट असेल तर तोही दोषच, कारण मेंढीवर चढताना सगळा भार मागच्या पायांवर येतो आणि ढोपराला तो झेपत नाही.

पण लंगडला की बाद, अशी घाई नको. आधी खूर उचलून बघा. बाभळीचा काटा असेल, खूर वाढून पाऊल वाकडं पडत असेल, तर ती शरीराची ठेवण नव्हे. रात्रभर टेंपोत उभं राहून आलेलं कोकरूही सकाळी ताठ चालतं. त्याला पाणी, सावली मिळू द्या आणि तासाभराने पुन्हा चालवा.

अंड तपासायला लाजणं

चारचौघांत नको म्हणून ही तपासणी टाळली जाते, किंवा दुरून एक नजर टाकून भागवतात. मागे उकिडवं बसून दोन्ही अंडं हलकेच खाली ओढून चाचपा. दोन्ही सारखी, घट्ट, पिशवीत मोकळी हलणारी हवीत. एकच उतरलेलं असेल तर नाक कितीही देखणं असो, पैदाशीच्या गटातून बाद. खालच्या टोकाला गाठ किंवा सूज लागली तर पशुवैद्यकाला दाखवा. हिवाळ्यातल्या पहाटे पिशवी आकसून वर जाते आणि अंडं लहान वाटतात, त्यामुळे शंका आली तर ऊन चढल्यावर परत बघा.

एका तोंडातून दुसऱ्या तोंडात तेच हात घालू नका. ओठांवर खपल्या दिसल्या तर मावा हा रोग असू शकतो. तो कोकरांत झपाट्याने पसरतो आणि माणसाच्या हातालाही होतो. बादलीभर पाणी आणि साबण रिंगणातच ठेवून घ्या.

क्रमांक सांगताना कारण मोठ्याने सांगा: 'दुसऱ्या क्रमांकाचं कोकरू उंच आहे, पण मागची ढोपरं आत आहेत.' मालक रागावला तरी ऐकतो, बाकीचे शिकतात. आणि सगळ्याच कोकरांत मोठा दोष असेल तर पहिला क्रमांक रिकामा ठेवता येईल का, हे आयोजकांशी सकाळीच बोलून ठेवा. ढोल वाजायला लागल्यावर कुणी ऐकत नाही.