घोडा घेतला, पण बसायची भीती वाटते? या चुका टाळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघायला गेलं की नजर कुठे ठरते? ताशावर नाचणाऱ्या, मागच्या दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या, मान वाकवून रेवाल, म्हणजे झपझप पण न हिसकणारी चाल दाखवणाऱ्या जनावरावर. आमचीही तिथेच ठरली. काठेवाडी घोडी घरी आली आणि तिसऱ्या आठवड्यात ती उभी राहिली, मी मागच्या मागे पडले. मनगट सहा आठवड्यांत बरं झालं. पण तबेल्याच्या दारात पाऊल टाकलं की पोटात गोळा यायचा, तो वर्षभर गेला नाही.

आपल्याच घोड्यावर शिकायचा हट्ट

माझी सर्वांत मोठी चूक हीच. आपला घोडा दारात असताना पैसे भरून दुसऱ्याच्या घोड्यावर कशाला बसायचं, असं घरातल्या सगळ्यांचं म्हणणं होतं, माझंही.

घाबरलेला माणूस खोगिरावर काय करतो ते बघा. गुडघे आवळतो, टाचा घोड्याच्या पोटाला चिकटवतो आणि लगाम छातीशी ओढून धरतो. टाच म्हणजे ‘चल’, लगाम म्हणजे ‘थांब’. दोन्ही एकदम मिळाले की पुढे जाता येत नाही, थांबताही येत नाही. घोडा जागच्या जागी थयथयतो, नाहीतर वर उठतो. नाचायला शिकवलेल्या घोडीला तर ही उठण्याचीच खूण. त्यात तोंडात काटेरी लगाम असेल तर वेदना वेगळी. माझ्या घोडीने त्या दिवशी खोडी केली नव्हती, मी सांगितलं तेच केलं होतं. हे उमगायला मला वर्ष लागलं.

म्हणून मांड, म्हणजे खोगिरावरची बैठक, पक्की होईपर्यंत शिकवणीच्या, वय झालेल्या, शंभर नवशिके पाहिलेल्या घोड्यावर बसा. स्वतःच्या घोड्यापासून मात्र दूर राहू नका. रोज अर्धा तास खरारा करा, खूर साफ करा, दोरी धरून चालवा, थांबवा, मागे सरकवा. उभं राहायचं ते खांद्याजवळ. थेट पाठीमागे त्याला दिसत नाही, तिकडून गुपचूप जाऊ नका.

शिकवणारा न पाहताच पैसे भरणं

पुण्या-मुंबईत क्लब आहेत, नाशिकसारख्या शहरांतही शिकवणारे मिळतात. घोडदळातून किंवा सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमधून निवृत्त झालेला माणूस जवळपास असेल तर आधी त्याला भेटा. आणि कुठेही जा, पहिल्या दिवशी फक्त बघायला जा. घोड्यांच्या ओठांचे कोपरे चिरलेले आहेत का? खोगिराखाली पाठीवर, तंगाच्या (खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याच्या) जागी जखमा आहेत का? नवशिक्याला लंजच्या दोरीवर, म्हणजे शिक्षकाने मध्ये उभं राहून धरलेल्या लांब दोरीवर, गोल फिरवतात, की पहिल्याच दिवशी लगाम हातात देऊन सोडून देतात?

रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, बऱ्याच ठिकाणी असतात. जनावर सुंदर, पण लगाम ताणला की त्यावर रेलून आणखी पळायची त्याला सवय असते. ती मोडायला नवं शिक्षण लागतं. ते झालंय का, हे स्पष्ट विचारा.

मी आधी एका ठिकाणी दोन महिने गेले. पडल्याचं सांगितल्यावर तिथल्या शिक्षकाने “भीती मारायची असते” म्हणून घोड्याला मागून चाबूक दाखवला. दुसऱ्या ठिकाणी पहिला प्रश्न आला, “ताई, पडलात तेव्हा नेमकं काय झालं?” तिथे मी राहिले.

रिकामा घोडा आणि भरपूर चंदी

मालक घाबरला की घोडा दावणीला बांधून राहतो, पण चंदी, म्हणजे हरभऱ्यासारखा दाणा, चालूच. कामाविना दाणा अंगात भिनतो आणि आठवड्याने बसलात की तो सगळा जोर तुमच्यावर निघतो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज साधारण 5 ते 7 किलो सुका चारा लागतो. काम नसेल तेव्हा भर त्यावर हवा. चंदी हळूहळू कमी करा, डॉक्टरांना विचारून. शांत घोडा अचानक पाठ उडवायला लागला तर आधी पाठ, दात आणि खोगीर तपासून घ्या. दुखणं असेल तर शिकवणीने जाणार नाही.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, आणि जोरात आपटलं की बदलायचं. बूट टाच असलेला. स्पोर्ट्स शूज रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जातात आणि पाय अडकतो.

‘पडलीस ना? लगेच परत बस’

हा सल्ला सगळे देतात. डोक्याला मार लागला असेल तर तो धोक्याचा आहे, आणि हादरलेल्या मनाला बहुतेक वेळा उलटाच पडतो. माझ्या घोडीवर परत बसताना मी ओट्यापासून सुरुवात केली. आठवडाभर फक्त ओट्यावरून चढायचं, घोडी हलली नाही की मानेवर थाप, आणि उतरायचं. मग दहा पावलं. मग अंगणाला एक फेरी. भीती वाटली की मी श्वास कोंडते, म्हणून मोठ्याने गाणं म्हणायचे. गाताना श्वास कोंडता येत नाही, आणि घोडीचे कान मागे-पुढे हलायला लागतात.

पळायला लागली तर दोन्ही लगाम ओढत बसू नका. जागा असेल तर एका लगामाने गोल वळवा, वर्तुळ लहान करत आणा. हे आधी सावकाश चालीवर शंभरदा करून ठेवा.

रस्त्यावर पहिल्यांदा जाल तेव्हा सोबत एक शांत घोडा घ्या आणि सकाळची वेळ निवडा, ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत. परतीला घोडी तबेल्याकडे ओढते. शेवटच्या बाभळीपाशी मी अजूनही उतरते, तंग एक घर सैल करते आणि तिच्या खांद्याशी चालत घरी येते.