कासच्या फुलांचे फोटो: कलर स्पेस कोणती निवडावी?

साताऱ्याजवळच्या कास पठारावर टिपलेल्या तेरड्याच्या गर्द गुलाबी पाकळ्यांवरील शिरा एडिटिंगमध्ये नाहीशा होऊन तेथे सपाट डाग दिसू लागला, तर कलर स्पेस (फोटोत कोणते रंग मावू शकतात याची ठरलेली मर्यादा) अपुरी पडत असण्याची शक्यता असते. कॅमेऱ्यातील कलर स्पेसची सेटिंग केवळ जेपेगला लागू होते. म्हणून फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढावा आणि तो प्रोफोटो आरजीबी या खूप मोठ्या कलर स्पेसमध्ये, पण प्रत्येक रंगाच्या अधिक छटा साठवणाऱ्या १६ बिटमध्येच उघडावा, कारण ८ बिटमध्ये आकाशाच्या छटांत पट्टे उमटू शकतात. छपाईपूर्वी लॅबला विचारलेले बरे: बऱ्याच लॅब एसआरजीबी ही स्क्रीनवर सर्रास वापरली जाणारी लहान कलर स्पेसच मागतात, आणि तेथे तिच्याहून मोठ्या अडोबी आरजीबीची फाइल दिल्यास रंग फिकट येऊ शकतात. व्हॉट्सॲपसाठीची प्रत निमूटपणे एसआरजीबीमध्ये ‘कन्व्हर्ट’ करावी. ‘कन्व्हर्ट’मध्ये रंग तसेच दिसावेत म्हणून फाइलमधील आकडे बदलले जातात; आकडे तेच ठेवून नुसते प्रोफाइल (कलर स्पेसचे लेबल) ‘असाइन’ केल्यास रंगच बदलतात.