मेसनमध्ये नवी टेस्ट कुठे लिहावी, हे कसं ठरवायचं

बग सापडला, चार ओळींत दुरुस्तीही झाली. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल प्रकल्पात घेण्याची विनंती, पाठवायच्या आधी गाडी अडते ती एका प्रश्नावर: टेस्ट ठेवू कुठे? जुस्सी पाक्कानेन यांनी सुरू केलेल्या आणि २०१३ साली पहिली आवृत्ती निघालेल्या मेसन या बिल्ड सिस्टिममध्ये (म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधून देणाऱ्या साधनात) दुरुस्तीसोबत टेस्ट, म्हणजे ती दुरुस्ती आपोआप तपासणारा कोड, द्यावीच लागते. नियम रास्त आहे. बिल्ड सिस्टिममधला बग आपल्या घरात राहत नाही, तो दुसऱ्यांच्या प्रकल्पांत जाऊन फुटतो.

आधी बग छाटून लहान करा. रिकाम्या फोल्डरमध्ये एक मेसन डॉट बिल्ड फाइल (प्रकल्प कसा बांधायचा ते मेसनला सांगणारी) आणि लागलीच तर सी भाषेतली एखादी फाइल ठेवा. पाच-सात ओळींत बग दिसेपर्यंत काढता येईल ते काढत जा. हीच फाइल पुढे टेस्ट म्हणून कामी येते.

मग बघा, बग दिसायला काय काय करावं लागलं? जागा बहुतेक वेळा याच उत्तरावरून ठरते.

एकदा कॉन्फिगर करून (म्हणजे मेसनकडून बांधणीची तयारी करून घेऊन), बांधून, चालवून बग दिसत असेल तर ती प्रोजेक्ट टेस्ट. तिची जागा ‘टेस्ट केसेस’ या फोल्डरमध्ये. (नावात मधे मोकळी जागा आहे, त्यामुळे असे मार्ग मेसनला नीट हाताळता येतात का, हेही आपोआप तपासलं जातं.) सगळीकडे चालणारी गोष्ट ‘कॉमन’मध्ये, फक्त विंडोजवरची ‘विंडोज’मध्ये. ग्लिब किंवा क्यूटीसारखी बाहेरची लायब्ररी लागत असेल तर ‘फ्रेमवर्क्स’मध्ये.

पर्याय बदलून पुन्हा कॉन्फिगर करावं लागत असेल, किंवा इंट्रोस्पेक्टचं (प्रकल्पाची माहिती दाखवणाऱ्या मेसनच्या कमांडचं) आउटपुट वाचावं लागत असेल, तर मात्र ‘युनिटटेस्ट्स’ फोल्डरमध्ये पायथनची टेस्ट लिहा. सर्व प्लॅटफॉर्मसाठीच्या टेस्ट तिथे ऑलप्लॅटफॉर्म्सटेस्ट्स या फाइलमध्ये असतात. त्या टेस्टला लागणारा छोटा प्रकल्प ‘टेस्ट केसेस’मधल्या ‘युनिट’मध्ये ठेवतात.

आता एक उदाहरण जवळून बघू. समजा ‘१.१०’ ही आवृत्ती ‘१.९’पेक्षा जुनी ठरतेय. अक्षरा-अक्षराने तुलना केली की हमखास असं होतं. चूक आवृत्त्यांची तुलना करणाऱ्या पायथन फंक्शनमध्ये असेल, तर ‘युनिटटेस्ट्स’मधल्याच इंटरनलटेस्ट्स या फाइलमध्ये त्याची टेस्ट आधीच आहे, तिथल्या यादीत एक जोडी वाढवा. फंक्शन बरोबर आहे, पण मेसन डॉट बिल्डमधून बोलावल्यावर उत्तर चुकतंय? मग ‘कॉमन’मधल्या ‘स्ट्रिंग ऑपरेशन्स’मध्ये असर्टची (अट खोटी ठरली तर तिथेच थांबवणारी) एक ओळ घाला. बग एकच दिसतो, पण चूक कुठल्या थरात आहे त्यानुसार टेस्टची जागा बदलते.

दोन्हीकडे आपण नवं फोल्डर काढलं नाही, हे लक्षात घ्या. प्रोजेक्ट टेस्टचं प्रत्येक फोल्डर वेगळं कॉन्फिगर होतं, कम्पाइल होतं, चालतं, इन्स्टॉल होतं, आणि सीआयवर, म्हणजे प्रत्येक बदलावर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, हे प्रत्येक प्लॅटफॉर्मवर घडतं. असर्टची एक ओळ जवळपास फुकट पडते. म्हणून आधी ग्रेप या शोधण्याच्या कमांडने त्याच फंक्शनची जुनी टेस्ट शोधा. खरंच काही जुळत नसेल तरच पुढचा क्रमांक देऊन नवं फोल्डर करा.

चुकीची बिल्ड फाइल मेसनने नाकारायला हवी, एवढंच दाखवायचं असेल तर ‘फेलिंग’ फोल्डर. तिथली पहिली टेस्ट प्रोजेक्टची ओळ सर्वांत आधी नसलेली फाइल देते. अशा टेस्टसोबत टेस्ट डॉट जेसन फाइलमध्ये अपेक्षित त्रुटीची ओळ लिहावी लागते, आणि ती काळजीपूर्वक लिहा. कारण ती तपासली नाही, तर तुमच्याकडून कंस राहून गेला तरी फाइल ‘नाकारली’ जाईल आणि टेस्ट पास दिसेल. तपासायचं होतं ते मात्र राहूनच जाईल.

शेवटी दुरुस्तीची फाइल गिट स्टॅशने (केलेले बदल तात्पुरते काढून ठेवणाऱ्या कमांडने) बाजूला ठेवा आणि टेस्ट एकटीच चालवा. प्रोजेक्ट टेस्टच्या स्क्रिप्टला ओन्ली हा पर्याय आहे, त्यामुळे एकाच गटापुरतं चालवता येतं. दुरुस्तीशिवायही ती पास झाली, तर ती बगपर्यंत पोचतच नाहीये. मग जागेचा विचार पुन्हा पहिल्यापासून करा.