जुनी स्पोर्ट्स कार बघायला डीलरकडे जाताय? निघायच्या आधी एवढं करून ठेवा

गेले आठ महिने मी सेकंडहँड स्पोर्ट्स कार शोधतेय आणि खरं सांगते, गाड्यांनी नाही दमवलं एवढं डीलर लोकांनी दमवलंय. फोनवर "गाडी आहे मॅडम, या लगेच" म्हणतात, तीन तास गाडी हाकत जावं तर ती कालच गेलेली असते, आणि मग "आता आलाच आहात तर ही बघा ना" करून भलतीच काहीतरी पुढे करतात. असे किती शनिवार गेले. म्हणून आता तयारी पूर्ण झाल्याशिवाय घरातून निघायचंच नाही असं ठरवलंय, आणि ती तयारी काय काय ते इथे सविस्तर लिहितेय, कुणाचा एक दिवस वाचला तरी मला बरं वाटेल.

सगळ्यात आधी घरी बसून गाडी ठरवा, आणि ठरवा म्हणजे नुसती कंपनी नाही, मॉडेल, पिढी, शक्य असेल तर इंजिनसुद्धा. "काहीतरी स्पोर्टी, दोन दरवाज्यांचं" एवढंच मनात धरून गेलात की त्यांच्याकडे जे महिनोन्महिने पडून आहे तेच गळ्यात मारतात. आणि गाडी ठरली की तिचं दुखणं काय ते पाठ करा, कारण या गाड्यांत प्रत्येकीचं एक ठरलेलं दुखणं असतं. पोर्शे बॉक्स्टरची पहिली पिढी आणि ९९६ पिढीची ९११ घ्या, त्यांच्या इंजिनात आयएमएस नावाचं मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग आहे, ते फुटलं तर अख्खं इंजिन जातं, त्यामुळे ते बदललंय का आणि बदललं असेल तर बिल कुठंय हा तिथे पहिला प्रश्न. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ ला मात्र वेगळं इंजिन आहे, तिथे ही भानगड नाही, आणि २००९ च्या मॉडेलपासून साध्या ९११, बॉक्स्टर, केमनमध्ये जे नवीन इंजिन आलं त्यात ती शाफ्टच काढून टाकलीये. बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीची एम३ बघत असाल तर मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) जिथे बसतो तिथे बॉडीच्या पत्र्याला तडे जातात, रॅम्पवर घेतल्याशिवाय ते नीट दिसत नाहीत. तिच्या नंतरच्या व्ही८ एम३ मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजलीत का ते बघायचं. माझदा आरएक्स-८ चं इंजिन रोटरी, पिस्टनच नाहीत त्यात, त्यामुळे साधा कॉम्प्रेशन टेस्टर (इंजिनातला दाब मोजायचं यंत्र) लावून काही कळत नाही, रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो. आणि ते इंजिन थोडं ऑइल जाळतंच, ती त्याची रचना आहे, तेवढ्यावरून घाबरू नका, पण गरम असताना बंद केली आणि परत सुरू व्हायला कुरकुर करायला लागली तर मात्र घाबरा. माझदाच्याच जुन्या एमएक्स-५ ला मागच्या चाकाच्या पुढे सिलमध्ये (दाराखालच्या पट्टीत) आतून गंज धरतो, वरून रंग कितीही चकचकीत असो.

हे सगळं तुम्हालाच माहीत असायला हवं, कारण समोरच्याला बहुतेक वेळा नसतं. एका ठिकाणी मी आयएमएसचं विचारलं तर सेल्समन म्हणाला "हो मॅडम, आहे ना, टॉप मॉडेल आहे, सगळं येतं त्यात". मी त्याला वाईट म्हणत नाही, त्याला रोज दहा तऱ्हेच्या गाड्या विकायच्या असतात. पण मग त्याच्या उत्तरावर आपण एवढा पैसा लावायचा का, हा प्रश्न उरतोच.

मग फोन. फोन करा पण ठरलेलं सगळं मेसेजवर लिहून घ्या, नंतर "असं मी बोललोच नव्हतो" ऐकायची वेळ येत नाही. गाडी आज, आत्ता तुमच्या जागेवर उभी आहे का, असेल तर मीटर आणि चॅसिस नंबर दिसेल असा आजचा व्हिडिओ पाठवा, एवढं मागायचंच. जाहिरातीतले फोटो कधीकधी आधीच्या मालकाने काढलेले असतात, त्यात जी चाकं दिसतात ती गाडीवर नसतात. चॅसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो, तो मिळाला की त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारता येतं की गाडी कारखान्यातून काय काय घेऊन निघाली होती, कुठला रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे मी आता जातच नाही. सर्व्हिसच्या बिलांचे फोटो मागा, सर्व्हिस बुकातले शिक्के नाही, बिलं, कारण शिक्क्यावरून काय काम झालं ते कळत नाही. "हिस्ट्री आहे, आल्यावर दाखवतो" हे वाक्य मी पाच ठिकाणी ऐकलं आणि त्यातल्या चार ठिकाणी गेल्यावर एक अर्धी भरलेली वही निघाली. चाव्या किती आहेत ते विचारा. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका असं स्पष्ट लिहा.

हे मी लिहून कळवलं होतं तरी काय झालं ते सांगते. सकाळी दहाला पोचले, गाडी बाहेर काढून, पुसून, टायरला काळं पॉलिश मारून तयार ठेवलेली. मी काही न बोलता बोनेटवर तळहात ठेवला तर चांगलं गरम. वाकून बघितलं तर सायलेन्सरच्या टोकाखाली जमिनीवर पाण्याचे थेंब पडलेले. सेल्समन म्हणाला, "आतून बाहेर काढायला दोन मिनिटं चालू केली फक्त." चावी फिरवली तर कूलंटचा काटा मधोमध. दोन मिनिटांत तो तिथे येत नाही. मी विचारलं संध्याकाळपर्यंत थांबले तर थंड करून दाखवाल का, तर म्हणे संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार आहेत. मी परत फिरले आणि घरी येईपर्यंत डोक्यातून जात नव्हतं, एवढी साधी गोष्ट, न चालू करणं, तेवढीही करता येऊ नये?

थंड इंजिनाचा एवढा आग्रह का, तर इंजिनाची बरीचशी दुखणी पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलतात. टायमिंग चेन सैल असेल तर तेव्हाच खडखडते, ऑइल प्रेशर यायला वेळ लागला तर तेव्हाच कळतं, निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जातंय. बॉक्सर इंजिन (सिलिंडर आडवे असलेलं, पोर्शेसारखं) काही दिवस उभं असेल तर सुरू होताना निळसर धुराचा एखादा भपका येऊ शकतो, पण तो लगेच विरायला हवा. तर पोचल्यावर पहिला हात इंजिनावर, आणि इंजिन मागे किंवा मधे असलेल्या गाडीत पुढच्या बोनेटवर नाही हां, तिथे सामान ठेवायची जागा असते, मागच्या झाकणावर.

पिशवीत काय घ्यायचं तर चांगला टॉर्च, साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचणारा), रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम, टायरची खोली मोजायची पट्टी, जुना टॉवेल जमिनीवर टाकायला, पॉवर बँक, वही. कपडे असे घाला की खाली झोपता येईल. रंगाचं मीटर साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतं तेव्हा रंग बहुतेक कंपनीचा असतो, एखाद्या दरवाज्यावर आकडा दुप्पट आला तर तो परत रंगवलेला, आणि हजाराच्या वर गेला तर खाली पुट्टी भरलीये. नुसत्या रीपेंटने गाडी वाईट ठरत नाही, या गाड्यांच्या पुढच्या भागावर खडे उडून रंग जातोच, प्रश्न एवढाच की आधी "एक पॅनल पण टच नाही" असं का सांगितलं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनचा पॅनल असेल तर स्वस्तातलं मीटर चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि सोबत माणूस न्या. माझ्यासोबत भाऊ येतो, त्याला गाड्यांतलं काही कळत नाही, पण मी खाली वाकून बघत असताना तो सेल्समनला बोलण्यात गुंतवून ठेवतो. खरं तर प्रश्न मी विचारते आणि उत्तरं त्याच्याकडे बघून दिली जातात, दर वेळी, याचा मला मनापासून राग येतो. आता मी गेल्या गेल्याच सांगून टाकते की गाडी मी घेणार, पैसे माझे, बोला माझ्याशी. बायकांनो, तुम्हीही सांगा, गप्प बसू नका.

टायर वाचायला शिका. बाजूला शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. बऱ्याच स्पोर्ट्स कारला पुढचे मागचे साइझने वेगळे असतात ते चालतं, पण एका ॲक्सलवर दोन वेगळे टायर, किंवा पुढे भारी कंपनीचे आणि मागे मिळतील ते, म्हणजे मालकाने शेवटी शेवटी पैसे वाचवलेत, आणि त्याने टायरवर वाचवले तर ऑइलवर वाचवले नसतील कशावरून. आतली कड हाताने चाचपा, स्टिअरिंग पूर्ण वळवून, बाहेरून छान दिसणारा टायर आतून तारा दिसेपर्यंत झिजलेला मी स्वतः बघितलाय. मग सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचं चामडं, पेडलचं रबर. मीटर वीस हजार किलोमीटर सांगतोय आणि क्लचच्या पेडलवरच्या रेषा पुसून गुळगुळीत झाल्यात, हे जुळत नाही.

स्कॅनर लावा. फॉल्ट कोड नाहीत यावर खूश होऊ नका, आदल्या रात्री कोड पुसले असतील तर रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते दाखवणारे) अपूर्ण दिसतात, तेच बघायचं असतं. पोर्शेसारख्या गाडीत कंपनीच्या मशीनवर आणखी दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे इंजिन किती तास चाललंय, किलोमीटरला तासांनी भागा, ५०,००० किलोमीटर आणि १,००० तास म्हणजे सरासरी ५० चा वेग, ठीक आहे, पण तीच सरासरी १५ आली तर एकतर जन्मभर ट्रॅफिकमध्ये किंवा मीटर मागे केलाय. दुसरी म्हणजे ओव्हररेव्ह, इंजिन मर्यादेपलीकडे फिरलंय का ते. रेव्ह लिमिटर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून वर गेलात तर वाचवतो, पण पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला तर चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे लिमिटर काही करू शकत नाही, आणि असं किती वेळा, इंजिनाच्या कितव्या तासाला झालं हे नोंदलेलं असतं. मॅन्युअल गाडी घेताना हा रिपोर्ट मागाच.

ट्रायलचं फोनवरच ठरवा. किती वेळ, कुठला रस्ता, कोण चालवणार. नाहीतर ते स्वतः चालवतात, इमारतीला एक वळसा, म्युझिक सिस्टीम जोरात, आणि "बघा काय पिकअप आहे". निदान अर्धा तास हवा, त्यात मोकळा रस्ता हवा, खराब रस्ता हवा. म्युझिक बंद, एसी आधी बंद मग चालू, आणि शेजारी बसलेल्याला सरळ सांगा की पाच मिनिटं बोलू नका, मला ऐकायचंय. वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, आरपीएम चढला आणि गाडी तशी पळाली नाही तर क्लच गेलाय. दुसऱ्या गिअरमध्ये पटकन टाकताना घासतंय का बघा, सिंक्रो (गिअर न घासता पडू देणारा भाग) बहुतेक तिथेच आधी जातो. सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क बघायला सांगा, आणि कार्बन सिरॅमिक डिस्क असतील तर त्यांची अवस्था विचारल्याशिवाय पुढे बोलूच नका, एवढ्या महाग असतात त्या.

इतकं करूनही बाहेरच्या मेकॅनिककडून तपासणी हवीच, त्या मॉडेलवर काम केलेल्या माणसाकडून, आणि त्याची वेळ आधीच घेऊन ठेवा. "आमच्याकडे सगळं चेक झालंय" म्हणून एक छापील कागद देतात, त्यावर सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा, एकाच पेनाने, एकाच ओघात मारलेल्या. तो कागद ठेवून घ्या आणि गाडी रॅम्पवर न्यायला मागा. गाडी बाहेर पाठवणार नाही म्हणाले तर मेकॅनिकला तिथे आणते म्हणा, त्यालाही नाही म्हणाले तर निघा.

पैशाचं थोडक्यात. कर, ट्रान्सफर, त्यांची फी, सगळं धरून एकच आकडा कागदावर मागा, हप्त्यावर बोलायला लागले तर परत त्या आकड्यावर आणा. त्या दिवशी टोकन द्यायचं नाही हे घरूनच ठरवून निघा, दिलंच तर तपासणीत काही निघालं तर पूर्ण परत असं लिहून घ्या.

आणि सगळं जमलं, सही झाली, तरी चावी हातात घेण्याआधी डिकी उघडा. अलॉय व्हील चोरीला जाऊ नयेत म्हणून बऱ्याच गाड्यांना प्रत्येक चाकाला एक लॉकिंग नट असतो, त्याचा छोटासा सॉकेट टूलकिटमध्ये असायला हवा, तो नसेल तर पंक्चर झाल्यावर चाकच निघत नाही. शोधून हातात द्या म्हणा, त्यांच्यासमोर चारही चाकांच्या नटवर बसवून बघा, दुसरी चावी लावून दरवाजा उघडून बघा, आणि मगच निघा.