विमान निवडायला बसण्याआधी: रविवारच्या बैठकीची तयारी

येत्या रविवारी सकाळी नऊला लढाऊ विमानांच्या खरेदीचा खेळ खेळायला आपण वाचनालयाच्या माडीवर जमतोय. एक गट खरेदीदार देश होईल आणि चार गट विमानं विकायला येतील: फ्रान्सचं राफेल, अमेरिकेचं सुपर हॉर्नेट, स्वीडनचं ग्रिपेन आणि युरोपातल्या चार देशांनी मिळून केलेलं टायफून. दुपारच्या चहापर्यंत खरेदीदारांनी एकाचं नाव सांगायचं आणि तेच का, हेही सांगायचं. तयारीचं टिपण लिहायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं, कारण मी नौदलाच्या हवाई शाखेत तंत्रज्ञ होतो आणि नोकरीतली बरीच वर्षं गोव्यात दाबोळीला काढली. ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीला नौदल दिन झाला, तेव्हा तुमच्यातले बरेच जण किनाऱ्यावर माना वर करून उभे होते. विमानांचे वेग आणि क्षेपणास्त्रांचे पल्ले तुम्हाला तोंडपाठ आहेत, हे मला माहीत आहे. ते विसरू नका, पण त्याआधी करायची कामं इथे लिहितोय.

खरेदीदार गटाने पहिली गोष्ट ही करायची की चारही विमानांची माहिती बाजूला ठेवून एका कोऱ्या पानावर आपली गरज लिहायची. विमान धावपट्टीवरून उडणार की जहाजावरून? किती लांब जाऊन परत यायचंय? वैमानिक किती, आणि ते शिकणार कशावर? हे पान शनिवारी रात्रीपर्यंत तयार हवं, कारण विक्रेत्याचं बोलणं एकदा कानावर पडलं की आपली गरजही त्याच्या मालासारखी दिसायला लागते. आपल्या नौदलाच्या विमानवाहू जहाजाचं, आयएनएस विक्रांतचं उदाहरण घ्या. या जहाजावर विमानाला ढकलून फेकणारं यंत्र नाही, पुढचा डेक उतारासारखा वर उचललेला आहे आणि विमानाने स्वतःच्या ताकदीवर तिथून झेप घ्यायची. म्हणून २०२२ मध्ये जानेवारीत राफेल-एम (राफेलचं जहाजावरचं रूप) आणि मे-जूनमध्ये सुपर हॉर्नेट गोव्याला आणून तसल्याच, जमिनीवर बांधलेल्या उतारावरून उडवून पाहिली. शिवाय विमान डेकवरून पोटात न्यायची लिफ्ट केवढी, हा प्रश्न होताच. सुपर हॉर्नेटचे पंख दुमडतात, राफेलचे दुमडत नाहीत. कपाट घेण्याआधी आपण जिन्याचं वळण मोजतो, तसंच हे. शेवटी २८ एप्रिल २०२५ ला २६ राफेलचा करार झाला. त्यातली २२ एका आसनाची, जहाजावरची. चार दोन आसनांची आहेत, ती जहाजावर उतरणार नाहीत, प्रशिक्षणासाठी किनाऱ्यावरच राहतील.

किमतीचा तक्ता करताना घाई नको. हा करार साधारण ६३,००० कोटी रुपयांचा. कोणीतरी नक्की भागाकार करून आणेल आणि म्हणेल की एक विमान २,४०० कोटींना पडलं. पण त्या रकमेत शस्त्रं, सिम्युलेटर, वैमानिकांचं आणि तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, देखभालीची व्यवस्था असं सगळं आहे. म्हणून तक्त्यात तीन रकाने ठेवा: नुसतं विमान, सोबतचं सामान, आणि पुढच्या तीस वर्षांचा खर्च. तिसरा रकाना पूर्ण भरता येणार नाही, तरी तो कागदावर डोळ्यांसमोर असू दे. किंमत ‘ठरलेली’ आहे असं विक्रेता म्हणाला तर करारातलं नेमकं वाक्य दाखवायला सांगा. स्वित्झर्लंडने २०२० मध्ये नव्या विमानांच्या खर्चावर लोकांचं मत घेतलं, ५०.१ टक्के लोक हो म्हणाले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेची ३६ एफ-३५ विमानं निवडली. किंमत पक्की आहे असं तिथलं सरकार लोकांना सांगत राहिलं. २०२५ मध्ये अमेरिकेने कळवलं की तसं नाही, जास्तीचे पैसे लागतील.

आता सुट्या भागांकडे येतो. तयारीचा अर्धा वेळ इथे घालवा.

माझ्या मेव्हण्याची मासेमारीची बोट आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने परदेशी बनावटीचं नवं इंजिन बसवलं. दिसायला देखणं, डिझेल कमी पिणारं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, ऑगस्टात बोट पाण्यात गेली आणि चौथ्या दिवशी इंजिन तापायला लागलं. उघडून पाहिलं तर समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं सील गेलेलं. काळ्या रबराची एक चकती, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी, कडेला केसासारखी चीर. किंमत अडीचशे रुपये. मालवणात नाही, रत्नागिरीत नाही, मुंबईच्या विक्रेत्याकडेही नाही. बाहेरून यायला बावीस दिवस लागले. खलाशांना आगाऊ पैसे देऊन झाले होते, शेजारच्या बोटी बांगड्याने भरून येत होत्या आणि आमची बोट दोरीला बांधलेली. म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य, रोज येऊन बघायचा. तो म्हणाला, ‘‘इंजिन घेवचा सोप्पा आसा रे. पण बिघडला तर पार्ट खय गावतलो, ता आधी इचारूक व्हया होता.’’

विमानात अशी सीलं किती असतात, याचा हिशेब मला नोकरीत रोज करावा लागायचा. समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुतात, तरी खारं वारं कुठल्या ना कुठल्या सांध्यात शिरतंच. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या २०१६ च्या अहवालात नौदलाच्या मिग-२९के विमानांची उड्डाणयोग्यता १५.९३ ते ३७.६३ टक्के होती असं लिहिलंय. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात उतरवा. दहा विमानं विकत घेतली आणि सकाळी त्यातली तीनच उडू शकली, तर तुमच्याकडे विमानं तीनच आहेत.

त्यापुढचं काम नकाशावरचं. प्रत्येक विमानाच्या नावासमोर त्याचं इंजिन, रडार, शस्त्रं कुठल्या देशाची आहेत ते लिहा आणि तिथपर्यंत रेघ ओढा. ग्रिपेन-ई स्वीडनचं, पण इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं, म्हणजे विक्रीला वॉशिंग्टनचीही परवानगी लागते. टायफूनमध्ये ब्रिटन, जर्मनी, इटली आणि स्पेन आहेत. सौदी अरेबियाला आणखी टायफून विकायला ब्रिटन तयार असताना जर्मनीने ते कित्येक वर्षं अडवून धरलं आणि जानेवारी २०२४ मध्ये विरोध सोडला. आपल्याकडेही हे घडलंय. नौदलाची सी-किंग हेलिकॉप्टरं ब्रिटनची, पण १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि त्यातल्या अमेरिकी भागांपायी ती अडकली. पाकिस्तानने पैसे भरलेली २८ एफ-१६ विमानं १९९० मध्ये अमेरिकेने रोखून धरली होती. अर्जेंटिनाचं तर भर युद्धात झालं. १९८२ मध्ये ब्रिटनशी फॉकलंडची लढाई पेटली तेव्हा त्यांच्या हातात विमानातून सोडायची फ्रेंच एक्झोसेट क्षेपणास्त्रं पाचच होती, आणि फ्रान्सने पुढची दिली नाहीत.

म्हणून खरेदीदार गटाने चारही विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारायचा, शब्दही तेच ठेवायचे: दहाव्या वर्षी, लढाई चालू असताना, हा भाग कुठून येणार, किती दिवसांत, आणि कोणाच्या सहीने?

तंत्रज्ञान शिकवण्याचं आश्वासन चारही गट देतील. त्यावर घासाघीस करायची तर आपल्याच किनाऱ्याची एक गोष्ट वाचून या. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे लढाऊ जहाजं बांधायला घेतली, तेव्हा रुय लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज आणि त्याची माणसं कामाला ठेवली होती. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांना फितवलं आणि ती माणसं काम टाकून निघून गेली. तरी आरमार उभं राहिलं, कारण इथल्या सुतारांचे हात तयार होत होते. हे वाचलंत की ‘शिकवणार’ या शब्दामागे काय काय विचारायचं ते सुचेल. आपलं क्षेपणास्त्र त्या विमानाला आपण स्वतः जोडू शकू का, की प्रत्येक वेळी त्यांचा इंजिनियर बोलवायचा? इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायची सोय देशात होणार का? आणि इथे बांधलेल्या विमानाची हमी कोण घेणार? या शेवटच्या प्रश्नावर मोठा सौदा फिसकटलाय. भारताने २००७ मध्ये १२६ विमानांची निविदा काढली, सहा विमानं स्पर्धेत होती, २०१२ मध्ये राफेल पुढे आलं. त्यातली १०८ हिंदुस्तान एरोनॉटिक्स या आपल्या सरकारी कंपनीत बांधायची होती, पण त्या विमानांच्या हमीवरून बोलणी वर्षानुवर्षं रेंगाळली. शेवटी २०१६ मध्ये थेट ३६ घेतली आणि पहिली पाच अंबाल्याला उतरली ती २९ जुलै २०२० ला.

या तारखांची एक पट्टी करून भिंतीला लावा, म्हणजे उशीर दिसेल. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, मंजूर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाली तेव्हा २९ उरल्या. चांगलं विमान शोधताना गेलेली वर्षं हासुद्धा खर्चच, तो तक्त्यात धरा.

विक्रेत्या गटांना फार सांगायचं नाही. आपल्या विमानाची दोन उणी स्वतःच्या तोंडाने सांगायची, एवढी अट आहे. ती लपवलीत तर मी विचारणार.

येताना जगाचा नकाशा, रंगीत दोरा आणि टाचण्या आणा. मोबाइल दहा ते बारा बंद राहतील, त्यामुळे आकडे वहीत उतरवून ठेवा. मेव्हण्याने ते फाटलेलं सील जपून ठेवलंय, ते मी घेऊन येतो. हातात घेऊन बघा, चीर नखाला लागते. देवबाग आणि आचऱ्याच्या मुलांनी आधीची एसटी पकडा, पावसात नंतरची वेळेवर येत नाही.